अनाम सत्याग्रहींचे स्मरणवाङ्मय आणि त्याचा घाट

मराठीतील स्मरणवाङ्मयाची परंपरा समृद्ध आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. ज्या भाषेत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहे, रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आहेत आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत, त्या भाषेने ह्या बाबतीत संकोच बाळगण्याचे कारण नाही. तथापि ह्या ग्रंथांवरून सिद्ध झालेले आपले निकष ज्याला लावू गेल्यास तोकडे पडतात असे पुष्कळसे लेखन गेली सहा-सात दशके मराठीत साचत आले आहे, आणि त्याची वाङ्मय म्हणून दखल जवळजवळ घेतली गेलेली नाही. गोव्याच्या मुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रहात उतरलेल्या, परंतु पुढारी म्हणून कोठेही नाव नसलेल्या माणसांच्या आठवणी, हे ते लेखन होय. स्मरणिकांतून, दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या १९ डिसेंबरच्या पुरवण्यांतून आणि अलीकडे ध्वनिमुद्रित मुलाखतींतून त्या विखुरलेल्या आहेत. इतिहासकार त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहतो आणि तारखांचा घोळ दिसला की बाजूला सारतो. समीक्षक त्यांना भाबडे लेखन समजतो. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते : ह्या आठवणींचा घाट.

घाटाचा प्रश्न येथे केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. तो ज्या इतिहासातून निर्माण झाला त्याचा क्रम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून गोमंतकातील नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीला उघड रूप आले. लग्नाची निमंत्रणपत्रिका छापावयाची तरी सरकारी परीक्षकाची संमती घ्यावी लागे अशी ती सालाझारशाही होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी केवळ गोमंतकीयांच्या तुकड्या सीमा ओलांडून आत गेल्या. १९५५ च्या एप्रिलात म्हापसे येथे गोवा राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनात सुधाताई जोशी अध्यक्षस्थानी उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. १८ मे रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी शिरली. त्यानंतर तुकडीमागून तुकडी जात राहिली आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी तीन हजारांहून अधिक निःशस्त्र माणसे निरनिराळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत उतरली. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीला पडलेला कर्नेलसिंग पंजाबातला होता. गोळी लागलेल्या सहोद्राबाई राय मध्य प्रदेशातील सागरच्या. भारत सरकारने सीमा बंद केली आणि सत्याग्रही तुकड्यांना जाण्यास मज्जाव केला. पुढे सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला तो भारतीय सेनेच्या कारवाईने.

ह्या शेवटच्या वाक्यात सगळी अडचण आहे. सत्याग्रह्याने सांगितलेल्या गोष्टीचा शेवट सत्याग्रह्याच्या मालकीचा नाही. तो चालला, त्याने मार खाल्ला, त्याला सीमेबाहेर आणून टाकले, तो गावी परतला आणि शाळेत शिकवू लागला किंवा गिरणीत रुजू झाला. गोवा स्वतंत्र झाल्याची बातमी त्याने इतरांप्रमाणे वर्तमानपत्रात वाचली. कथेला आरंभ आहे, मध्य आहे. पण तिची फलश्रुती दुसऱ्याच कथेत जमा झाली आहे. पराभवाची कथा म्हणावी तर ते खोटे ठरेल, कारण गोवा मुक्त झालाच. विजयाची म्हणावी तर सांगणाऱ्याची जीभ अडखळते. अशा आठवणींच्या अखेरीस पुष्कळदा जो भरघोस शब्दांचा परिच्छेद येतो, हुतात्म्यांचे रक्त, मातृभूमीची हाक, भावी पिढ्यांना संदेश, तो ह्या अडखळण्यावर घातलेला पडदा असतो. तो सांगणाऱ्याचा असतोच असेही नाही. स्मरणिकेच्या संपादकाने आपल्या पदरचा दिलेला असण्याचा संभव अधिक.

तुलनेसाठी युरोपच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया ह्या तीन देशांतील सुमारे वीस लाख माणसांनी टॅलिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत, सुमारे सहाशे किलोमीटर, हातात हात गुंफून साखळी धरली. ज्या कराराने त्यांचे स्वातंत्र्य गेले त्या हिटलर-स्टॅलिन कराराला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. पुढे जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत दले चाल करून येतील ह्या भयाने लाटव्हियातील खेडुतांनी लाकूडवाहू मालमोटारी, ट्रॅक्टर आणि काँक्रीटचे ठोकळे आणून रीगा शहराचे रस्ते अडविले आणि भर हिवाळ्यात शेकोट्या पेटवून दोन आठवडे पहारा केला. २० जानेवारीच्या हल्ल्यात माणसे मेली. आंद्रिस स्लापिन्श हा चलच्चित्रकार त्यांपैकी एक. ऑगस्ट १९९१ मध्ये स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले. आता ह्या पहाऱ्याच्या ज्या आठवणी सामान्य माणसे सांगतात त्यांत घडते ते काय? शेकोटीचा धूर, कोणी अनोळखी बाईने आणून दिलेला चहा, रात्रभर म्हटलेली गाणी, ओले मोजे. परंतु ह्यातले काहीही क्षुल्लक वाटत नाही, कारण सात महिन्यांनी आलेला शेवट मागे वळून ह्या सगळ्यावर प्रकाश टाकतो. चहा हा स्वातंत्र्याचा चहा ठरतो. पत्रादेवीच्या वाटेवर, बांद्याच्या आसपास, कोणा बाईने सत्याग्रह्यांना दिलेल्या भाकरीला हे भाग्य लाभले नाही. भाकरीत उणे काही नव्हते. तिच्यावर प्रकाश टाकणारा शेवटच तिच्या वाट्याला आला नाही.

लाटव्हियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील माणसाजवळ आठवण सांगण्यापूर्वीच एक घाट तयार होता. क्रिश्यानिस बारोन्स ह्या विद्वानाने १८९४ ते १९१५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेली ‘दाइना’ नावाची लोकगीते बहुतांशी चार ओळींची आहेत आणि त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. १८७३ पासून तेथे राष्ट्रीय गीतमहोत्सव भरत आला. ज्या समाजाने दोन पिढ्या परसत्तेखाली काढल्या त्याने आपले सामुदायिक ‘आम्ही’ समूहगायनात जपून ठेवले होते. चळवळीला ‘गाणारी क्रांती’ हे नाव उगाच पडले नाही. गाणे हे कृतीही होते आणि स्मरणाचे पात्रही होते.

मराठी सत्याग्रह्याजवळ कोणते पात्र होते? पहिला उमेदवार अर्थातच पोवाडा. परंतु पोवाड्याला नायक लागतो, शत्रू लागतो आणि शस्त्रांचा खणखणाट लागतो. ज्याने हात उगारायचा नाही अशी शपथ घेतली आहे त्याच्या अंगावर पोवाड्याचा अंगरखा ढगळ होतो. तरीही तो चढविला गेला आहे. ‘नरवीर’, ‘रणसंग्राम’, ‘सिंहाचा छावा’ ही शब्दसंपत्ती स्मरणिकांतून उधळलेली आढळते आणि ती वाचताना जो कंटाळा येतो तो निवेदकाचा दोष नसून उसन्या घाटाचा आहे. सशस्त्र लढ्यात उतरलेल्या मोहन रानडे यांच्यासारख्याच्या आत्मकथनाला वीरकथेचा बाज शोभतो. चिखलात आडव्या झालेल्या प्राथमिक शिक्षकाला तो शोभत नाही. दुसरा उमेदवार ओवी. जात्यावरच्या ओवीत सामान्य स्त्रीने आपल्या काळाची नोंद ठेवली आहे. गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी सिद्ध केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाने ते निर्विवाद दाखविले. पण ओवी ही नात्याची भाषा आहे. भाऊ, लेक, आई-बाप ह्यांच्या अंगाने ती जगाकडे पाहते. घर सोडून निघालेल्या पुरुषाला ती अवगत नव्हती. आणि तिसरे आत्मचरित्र. ते तर थोरांचे. ज्याचे आयुष्य एरवी सांगण्यासारखे नाही असे त्याचे त्यालाच वाटते, तो आपल्या आयुष्यातील नेमके सात दिवस आत्मचरित्राच्या चालीवर कसे सांगणार?

आणि तरीही ह्या आठवणींना स्वतःचा घाट आहे. तो लक्षात न येण्याचे कारण एवढेच की तो अतिपरिचित आहे. कोणतीही अशी दीर्घ, संपादकाने फारशी न छाटलेली आठवण घेतली तर तिचा मोठा भाग वाटेतच खर्च होतो. घरी कोणाला सांगितले, कोणाला सांगितले नाही. कोणती गाडी पकडली. बेळगावला कोठे उतरले. सावंतवाडीकडे जाताना पाऊस कसा होता. कोणत्या गावाने जेवू घातले आणि पंक्तीत कोण कोण बसले. तुकडीत कोणी उत्तर हिंदुस्थानी होता त्याला भात चालेना. वहाणा कोठे तुटल्या. प्रत्यक्ष गोळीबार किंवा लाठीमार दहा-बारा ओळींत आटोपतो. संपादकाला हे प्रमाण उलटे वाटते; तो वाट कापतो आणि गोळीबार फुगवितो. परंतु हे प्रमाण उलटे नाही, ते यात्रेचे आहे. वारीला गेलेला माणूस परत आल्यावर मूर्तीचे वर्णन करीत बसत नाही; तो मुक्कामांविषयी बोलतो. एकत्र चालणे, परक्याच्या हातचे खाणे, भजन म्हणणे, एकाच्या अंगावरचे पांघरूण दुसऱ्याने घेणे, आणि अखेरीस क्षणभराचे दर्शन. सत्याग्रह्याला त्याची वाट ह्याच साच्यात आठवते, कारण अनोळखी माणसांबरोबर एका हेतूने पायी चालण्याचा दुसरा अनुभवच त्याच्या संस्कृतीने त्याला दिलेला नव्हता. निःशस्त्र चळवळीचे सारे कर्तृत्व चालण्यात असते हे त्याच्या घाटाला समजले आहे, संपादकाला समजलेले नाही.

येथे गोडसे भटजींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कर्जाने गांजलेला वरसईचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने पाहिला. लुटला गेला तो एकदा नव्हे. आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी आला. त्याच्या दृष्टीने ही कथा कावडीची होती. तिचे हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्यांच्या हाती पडले आणि १९०७ साली त्यांनी ते भाषेत व मजकुरात फेरफार करून छापले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक सामान्य माणसाची आठवण म्हणून जे वाचत होता त्यावर एका विद्वानाचा हात फिरलेला होता. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि त्यांच्यावाचून ग्रंथ प्रकाशातच आला नसता हेही खरे. पण गोडसे भटजींचे हस्तलिखित तरी शिल्लक होते. स्मरणिकांकडे टपालाने आलेले वहीचे कागद कोणी जपून ठेवले?

संपादकाहूनही प्रभावी असा एक दुसरा घाटकार आहे, आणि तो सरकारी छापील अर्ज होय. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ताम्रपट दिले गेले. केंद्राची निवृत्तिवेतन योजना त्याच वर्षीची. तिच्यात साधारणतः सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. आता पंधरा ऑगस्टला सीमा ओलांडलेल्या ज्या माणसाला मारझोड करून त्याच दिवशी परत ढकलले, त्याला कारावास कोठला? त्याच्या अंगावर व्रण होते, हातात कागद नव्हता. अशा माणसाची आठवण पुढे हळूहळू अर्जाची भाषा शिकते : तुकडीप्रमुखाचे नाव, दिनांक, ठिकाण, साक्षीदार दोन. भाकरी आणि तुटलेली वहाण गळून पडतात, कारण त्यांना अर्जात रकाना नाही. शाहिद अमीन यांनी १९२२ च्या चौरीचौऱ्याविषयीच्या आपल्या १९९५ मधील ग्रंथात न्यायालयीन कागदपत्रांनी लोकस्मृतीला कसे वळण लावले ते दाखविले आहे. तेथे आरोपपत्राने जे केले ते येथे दाखल्याने केले, इतकाच फरक. लाटव्हियातही पहाऱ्यात भाग घेतलेल्यांना पुढे स्मृतिचिन्हे देण्यात आली. ती त्यांच्या कथेच्या शेवटाला जोडून आली. आपल्याकडे कित्येकांच्या बाबतीत दाखला हाच कथेचा शेवट होऊन बसला आणि तो मिळाला नाही तर कथा गाऱ्हाण्यात संपली.

मग अशा साहित्याला कलारूप यावे कसे? ह्याचे एक उत्तर कर्नाटकाच्या मातीतून पूर्वीच येऊन गेले आहे. राजा राव यांची इंग्रजी कादंबरी ‘कांतापुरा’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हैसूरकडील एका खेड्यातील गांधीयुगीन चळवळ एका म्हाताऱ्या विधवेच्या, अच्चक्काच्या, तोंडून तीत येते. गाव उद्ध्वस्त होते, उरलेली माणसे दुसऱ्या गावी आसरा घेतात, जमिनी जातात. व्यवहाराच्या हिशेबाने चळवळ हरते. पण निवेदनाला स्थलपुराणाचा घाट दिल्यामुळे हरण्या-जिंकण्याचा हिशेबच गौण होतो; देवी, नदी, डोंगर आणि पोलिसांच्या लाठ्या एकाच पुराणात शोभून दिसतात. राजा राव यांनी म्हातारीला वीरांगना केले नाही हे त्यांचे मोठे यश. तिचे पाल्हाळ त्यांनी राखले. ‘कांतापुरा’ला शेवटाची गरज पडत नाही, आणि त्या दृष्टीने गोव्याच्या आठवणींचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे पुनःपुन्हा जावे. स्वेतलाना अलेक्सिएविच यांची पद्धती आज अधिक बोलबाल्याची आहे. २०१५ च्या नोबेल पारितोषिकानंतर तर अनेक भाषांत तिचे अनुकरण सुरू झाले. तिच्या ग्रंथांतील दुःखाची तीव्रता मान्य करूनही असे म्हणावे लागते की शेकडो माणसे तेथे काहीशा एकाच लयीत बोलतात. सत्याग्रह्यांच्या आठवणींना ती लय मानवणार नाही. त्यांच्यात शोक कमी आणि संकोच अधिक आहे.

अच्चक्का सदैव ‘आम्ही’ म्हणून बोलते. इंग्रजीत तिला एकच सर्वनाम उपलब्ध आहे. मराठीत दोन आहेत, आणि ह्या आठवणींचे मर्म पुष्कळदा त्या दोहोंच्या संधीवर असते. ‘आम्ही चालत होतो’ ह्यात ऐकणारा बाहेर आहे. ‘आपण हात उगारायचा नाही’ ह्यात तो आत ओढला जातो. तुकडीची शपथ ‘आपण’मध्ये असते, हकीकत ‘आम्ही’मध्ये, आणि सांगता सांगता म्हातारा सत्याग्रही हकीकतीच्या मध्येच ‘आपण’वर येतो, तेव्हा सत्तर वर्षांचे अंतर ओलांडून समोरचा श्रोता तुकडीत दाखल झालेला असतो. ही शैली नव्हे. त्याला ह्याची जाणीवही नसते. पण कोणत्याही कसलेल्या निवेदकाने हेवा करावा असा हा क्षण आहे.

कारवार, बेळगाव, खानापूर ह्या सीमाभागातील कितीतरी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने बंगळुरास गेली. बनशंकरीसारख्या उपनगरातील अशा एखाद्या घराची कल्पना करावी. आजोबांची हकीकत मराठीत आहे. नातवाचे शिक्षण कन्नड-इंग्रजीत झाले आहे. मराठी त्याला ऐकून कळते, वाचता येत नाही. ती हकीकत त्याच्यासाठी कन्नडात न्यावयाची झाल्यास काय टिकेल आणि काय जाईल? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही ‘नावु’ ह्या एका शब्दात बुडतील. शपथ कोणती आणि हकीकत कोणती हे सांगण्यासाठी भाषांतरकाराला दुसरी युक्ती शोधावी लागेल. उलट ‘आम्ही लाठ्या खाल्ल्या’ हे वाक्य मात्र कन्नडात सुखरूप पोचेल, कारण कन्नड माणूसही मार ‘खातो’ : ‘पेट्टु तिन्नु’. इंग्रजीत हे वाक्य कर्मणी होते. मार खाणारा कर्त्याच्या जागेवरून हटतो, त्याला काही ‘केले जाते’. मराठीत, कन्नडात आणि हिंदीतही तो कर्ता राहतो. निःशस्त्र प्रतिकाराचे सारे तत्त्वज्ञान ज्या एका व्याकरणिक सोयीत आहे ती ह्या भाषांना फुकट मिळालेली आहे, आणि इंग्रजीच्या वाटेने जाणारे भाषांतर ती वाटेत टाकून देते. म्हणून ह्या आठवणींचे भाषांतर भारतीय भाषांमध्ये परस्पर व्हावे. कर्नेलसिंगाच्या सोबत्यांची आठवण पंजाबीत असेल, सागरकडील सत्याग्रह्यांची हिंदीत. एकाच वाटेवरचे एकाच दिवसाचे हे पुराण अनेक भाषांत तुकड्या-तुकड्यांनी पडलेले आहे आणि कोणत्याही एका भाषेच्या वाङ्मयेतिहासाला ते आपले वाटत नाही. हे काम हाती घेणे राष्ट्रीय पातळीवरील साहित्यसंस्थेलाच शक्य आहे. त्या दिवशी विशीत असलेली माणसे आज नव्वदीत आहेत, तेव्हा उद्यावर टाकण्यासारखे ते नाही.

तसे करताना ‘सत्याग्रही’ ही संज्ञाही थोडी सैल करावी लागेल. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरील जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. बोलणाऱ्या दोघांची नावे इतिहासात आहेत. परंतु गोव्यातील एखाद्या घरात, दार लावून, आवाज कमी करून ते ऐकणारा जो कोणी होता, त्याची आठवण कोणत्या सदरात घालावी? तो चालला नाही, त्याने मार खाल्ला नाही, त्याच्याजवळ दाखला असण्याचा प्रश्नच नाही. विचारले तर तो बहुधा म्हणेल की आपण काहीच केले नाही, नुसते ऐकत होतो. आणि मग रेडिओ कोणत्या खोलीत होता, खिडकीवर काय टांगले होते, दाराशी पाऊल वाजले तर कोणी उठावयाचे, हे तो बारकाव्यानिशी सांगू लागेल.